फिक्स्ड की व्हेरिएबल? स्कोपवरचा लहान आकडा आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता न्यू जर्सीत, एडिसनला. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, .३०८ ची बोल्ट अॅक्शन रायफल घेतलीय आणि नोव्हेंबरअखेर ऑफिसातल्या मित्राच्या घरच्यांबरोबर पेनसिल्व्हेनियातल्या पॉटर काउंटीत, त्यांच्या कॅम्पवर, व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जायचंय. मित्राचे वडील म्हणतात, फिक्स्ड ४ पॉवरचा स्कोप (रायफलीवर बसवायची, नेम धरायची भिंगांची नळी) लाव आणि विसरून जा. दुकानदार म्हणतो, ४-१६×५० घ्या, पुढे कुठेही चालेल. इंटरनेटवर बघावं तर जो तो ३-९×४० सांगतोय. ऐकायचं कुणाचं?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. ३-९×४० घ्या, किंवा मिळाला तर २-७×३३. पॉवरची रिंग अगदी खाली, फार तर ४ वर आणून ठेवा आणि तो फिक्स्ड स्कोपच आहे असं समजून जंगलात बसा. मित्राच्या वडिलांचं म्हणणं निम्म्याहून जास्त बरोबर आहे. दुकानदाराचं, निदान पॉटर काउंटीपुरतं, चूक आहे.

मी पेनसिल्व्हेनियातच राहतो. हरणाचा सीझन जवळ आला की एका बंदुकीच्या दुकानात मागच्या बाकावर बसून लोकांच्या रायफलींवर स्कोप बसवून देतो आणि रेंजवर जाऊन नेम जुळवून देतो. आपल्या मंडळींकडे या बाबतीत घरचं शहाणपण नसतं, हे मला ठाऊक आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. आजोबांच्या दुनळीच्या आणि मचाणाच्या गोष्टी ऐकलेल्या असतात, पण त्या दुनळीवर स्कोप नव्हता. त्यामुळे इथे आलेला मराठी माणूस सगळा सल्ला काउंटरपलीकडून घेतो, आणि काउंटरपलीकडचा माणूस मोठा आकडा विकतो.

तर आकड्यांपासूनच सुरू करू. ३-९×४० मधले ३ आणि ९ म्हणजे वस्तू तीनपट ते नऊपट जवळ दिसणार, आणि ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. रिंग फिरवून पॉवर बदलता येते, म्हणून हा व्हेरिएबल. ४×३२ असं लिहिलं असेल तर तो फिक्स्ड: चारपट, त्यात कमी-जास्त काही नाही. लोक दुकानात उभे राहून मधला आकडा बघतात, ९ की १२ की १६. मी पहिला बघतो. पॉटर काउंटीत तुम्ही बसणार ते हेमलॉक आणि बीचच्या झाडीत, खाली माउंटन लॉरेलचं कमरेएवढं रान. तिथे शंभर यार्ड मोकळं दिसलं तर नशीब. हरीण बहुतेक वेळा ३० ते ८० यार्डांवर येतं, आणि येतं म्हणजे काय, आधी काहीच नसतं आणि मग एकदम असतं.

अशा वेळी पॉवर जास्त असली की काय होतं, याचा हिशेब करून बघा. ३-९ चा स्कोप ९ वर असताना १०० यार्डांवर साधारण १४ फूट रुंदीचा पट्टा दिसतो. म्हणजे ३० यार्डांवर जेमतेम चार फूट. हरीण नाकापासून शेपटीपर्यंत त्याहून लांब असतं. तोच स्कोप ३ वर असेल तर १०० यार्डांवर ३२-३३ फूट, ३० यार्डांवर जवळपास दहा फूट. यात अख्खं हरीण, शेजारचं झाड आणि मागे उभी असलेली दुसरी मादी, सगळं एका नजरेत येतं.

सीझनच्या पहिल्या आठवड्यात दुकानात हमखास एक तक्रार येते. माणूस रायफल बाकावर ठेवतो आणि म्हणतो, स्कोप बिघडलाय, हरीण समोर होतं पण आत नुसतं तपकिरी दिसत होतं. मी आधी रिंगवरचा आकडा बघतो. नऊ. घरून निघताना ९ वर होता, कारण आदल्या आठवड्यात रेंजवर कागदावर नेम जुळवताना ९ वर केला आणि तिथेच राहिला. तपकिरी दिसलं ते हरणाचंच अंग होतं, पण पुढचा खांदा की मागची मांडी हे कळायला मार्ग नव्हता. तो माणूस इकडे-तिकडे नळी हलवत खांदा शोधत राहिला आणि हरीण शेपटीचा पांढरा झेंडा वर करून लॉरेलमध्ये घुसलं. स्कोपमध्ये दोष काहीच नव्हता.

फिक्स्ड ४ वाल्याला ही अडचण येत नाही, त्याच्याकडे चुकीची पॉवर ठेवायची सोयच नाही. मित्राच्या वडिलांच्या सल्ल्याचा गाभा हा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे.

त्यांच्या पिढीचा व्हेरिएबलवरचा राग मात्र निराळ्या कारणाने आलेला असतो, तोही समजून घ्या. बिल वीव्हर या तरुणाने १९३० मध्ये ३३० नावाचा स्कोप काढला, पुढे टेक्सासमध्ये एल पासोला कारखाना थाटला आणि सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत स्कोप आणला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराच्या एम१९०३ए४ या स्नायपर रायफलवर तोच होता. युद्धानंतर त्यांची के मालिका आली, आणि त्यातला के-४, म्हणजे फिक्स्ड ४ पॉवर, पेनसिल्व्हेनियाच्या कॅम्पांत घराघरांत पोचला. ओरेगॉनच्या ल्युपोल्डने १९४७ मध्ये प्लेन्समन हा आपला पहिला रायफल स्कोप काढला आणि आतली हवा काढून नायट्रोजन भरायची पद्धत रुळवली. त्याआधी पावसात-बर्फात आतल्या भिंगांवर बाष्प धरायचं आणि शिकार संपायची. म्हणजे फिक्स्ड स्कोप सुधारून पक्का झाला होता, त्या सुमारास व्हेरिएबल नवखे होते. काहींत पॉवर वाढवली की क्रॉसहेअरही (आत दिसणाऱ्या नेमाच्या फुलीच्या रेघा) जाड व्हायचे. काहींत क्रॉसहेअर तेवढेच राहायचे, पण रिंग फिरवली की गोळी दुसरीकडे लागायची. आणखी एक फिरता भाग म्हणजे पाणी शिरायला आणखी एक वाट.

लष्कराचा अनुभवही असाच मागे-पुढे होत गेला. अमेरिकन मरीन कोअरने १९६६ मध्ये एम४० स्नायपर रायफल घेतली तेव्हा तिच्यावर रेडफिल्डचा ३-९ व्हेरिएबल होता. व्हिएतनामनंतर एम४०ए१ आली ती उनर्टलच्या फिक्स्ड १० पॉवरसह. १९८८ मध्ये लष्कराने एम२४ स्वीकारली, तिच्यावरही ल्युपोल्डचा फिक्स्ड १० पॉवरच. आज त्यांच्याही रायफलींवर पुन्हा व्हेरिएबल दिसतात. मधल्या काळात व्हेरिएबल सुधारले, म्हणून. ज्याने १९७० च्या दशकात गळका व्हेरिएबल वापरला त्याला हे पटवायला जाऊ नका, कॅम्पवर त्यांच्या चुलीपाशी बसायचंय तुम्हाला.

आजच्या चांगल्या व्हेरिएबलमध्ये यातलं काय उरलंय? पाणी शिरणं जवळपास संपलं. रिंग फिरवल्यावर गोळीची जागा बदलणं बऱ्यापैकी कंपनीच्या स्कोपमध्ये नगण्य, स्वस्तातल्या मालात अजून सापडतं. ते तपासायला रेंजवर अर्धा तास पुरतो. १०० यार्डांवर, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून, ९ पॉवरवर तीन गोळ्या झाडा. काही न हलवता रिंग ३ वर आणा, त्याच ठिपक्यावर आणखी तीन. मग परत ९ वर नेऊन तीन. नळी मध्ये निवू द्या, नाहीतर दोष नळीचा आणि शिव्या स्कोपला. तिन्ही पुंजके एकमेकांत मिसळले तर निर्धास्त राहा. मधला पुंजका दोन-तीन इंच बाजूला गेला तर स्कोप परत करा, आणि पावती जपून ठेवलेली असू द्या.

क्रॉसहेअरचं म्हणाल तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या शिकारीच्या व्हेरिएबलमध्ये ते बहुधा दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असतात. म्हणजे पॉवर कितीही केली तरी डोळ्याला तेवढेच जाड दिसतात. शिकारीला हेच बरं. पण क्रॉसहेअरवर खाली टिंबं किंवा आडव्या रेघा असतील, ३०० यार्डांना इथून, ४०० ला तिथून अशा, तर त्या फक्त एकाच पॉवरवर, बहुधा सगळ्यात वरच्या, खऱ्या असतात. पॉवर ४ वर असताना त्या टिंबांवरून नेम धरला तर गोळी भलतीकडे जाणार. फिक्स्डमध्ये हा घोळ नाही, तिथे रेघ कायम तेवढंच माप दाखवते. माझा सल्ला: पहिल्या रायफलवर टिंबांचं जंजाळ घेऊच नका. बाहेरून जाड आणि मध्यात बारीक होणारा साधा क्रॉसहेअर, ज्याला ल्युपोल्ड ड्युप्लेक्स म्हणते, तो घ्या. अंधारून आल्यावर मधली बारीक रेघ झाडीत हरवते, तेव्हा चारही बाजूंच्या जाड काठ्या नजरेला मध्यावर आणतात.

आता उजेडाचा विषय. इथे दुकानदार सगळ्यात जास्त चुकीचं सांगतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. हरणं हलतात ती नेमकी त्याच दोन टोकांना. म्हणून दुकानात सांगतात, मोठं भिंग घ्या, ५० मिमीचं, उजेड जास्त येतो. येतो, पण तुमच्या डोळ्यात किती शिरतो ते महत्त्वाचं. रायफल हातभर लांब धरून स्कोपच्या मागच्या भिंगाकडे बघा, मध्यात उजेडाचा एक छोटा गोल दिसेल. त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. त्याचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचे मिलिमीटर भागिले पॉवर. ४×३२ मध्ये तो ८ मिमी. ३-९×४० हा ४ वर ठेवला तर १०, ६ वर साडेसहाच्या वर, ९ वर साडेचारच्या आत. आणि तुमच्या डोळ्याची बाहुली? तरुणपणी गडद अंधारात ती साधारण ७ मिमीपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर पाचच्या आसपास. उजेडाचा गोल बाहुलीपेक्षा मोठा असला तर वरचा उजेड वाया जातो.

म्हणजे ४ पॉवरवर ५० मिमीचं भिंग साडेबारा मिमीचा गोल देणार, ४० मिमीचं १० मिमीचा, आणि डोळा दोन्हींतला ७ च घेणार. फरक शून्य. तोच ४-१६×५० सोळावर नेला तर गोल तीन मिमीच्या जेमतेम वर, म्हणजे संध्याकाळी चित्र काळवंडलेलं. मोठं भिंग कामाला येतं ते मधल्या पॉवरवर, ७-८ च्या आसपास. जर्मनीत रानडुकरांसाठी चांदण्यात उंच मचाणावर बसणारे शिकारी पिढ्यान् पिढ्या फिक्स्ड ८×५६ वापरत आले ते याच गणितावर: ५६ भागिले ८, बरोबर ७. त्यांची शिकार चांदण्यातली, तुमची सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात संपते. तेवढ्या उजेडाला ४० मिमी भरपूर झालं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण फिक्स्ड ४ चे कट्टर भक्त ती सांगत नाहीत. मावळतीला नुसता उजेड पुरत नाही, थोडी जास्त पॉवरही बारकावा दाखवते. ७० यार्डांवर करड्या झाडीत करडं हरीण उभं असेल, तर ४ पेक्षा ६ वर त्याचा खांदा आणि पुढ्यातली फांदी वेगळी दिसते. गोळी फांदीला लागली की तिची दिशा बदलते, तेव्हा ती फांदी दिसणं मोलाचं. व्हेरिएबलचा माझ्या मते खरा फायदा हा. दिवसभर ३ किंवा ४, शेवटच्या वीस मिनिटांत रिंग ६ वर. फिक्स्डच घ्यायचा असेल तर म्हणूनच ६×४२ चा विचार करा. गोल ७ मिमीचा, चित्र देखणं. पण ३० यार्डांवर तो अंगावर येतो, तेव्हा तुमच्या जंगलापेक्षा शेताच्या बांधावर बसणाऱ्याला तो जास्त शोभतो. टेक्सासमध्ये खोक्यासारख्या मचाणात बसून १०० यार्डांवरच्या दाण्याच्या फीडरकडे बघायचं असतं, तिथे ६ फिक्स्डसारखं दुसरं काही नाही.

४-१६×५० ला माझा विरोध एवढ्यावरच थांबत नाही. ४ वर ठेवला तर त्याचा पट्टा फिक्स्ड ४ एवढाच रुंद असतो, ते मान्य. पण ५० मिमीचं भिंग नळीला लागू नये म्हणून स्कोप उंच रिंगांवर (स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या कड्यांनाही रिंगच म्हणतात) चढवावा लागतो. मग दस्त्याला गाल टेकवला की डोळा स्कोपच्या खाली राहतो, आणि कुंपणावरून शेजारच्या अंगणात बघावं तशी मान उंचावून बघावं लागतं. गाल टेकलेला नसला की घाईत नेम धरता येत नाही. शिवाय वजन. फिक्स्ड ४×३३ साडेनऊ औंसांच्या घरात, साधा ३-९×४० बारा औंसांच्या आसपास, आणि हे धूड वीस औंसांच्या पुढे. पॉटरच्या चढावर रायफल हातात घेऊन चालताना तो फरक खांद्याला कळतो. त्यात बाजूला पॅरॅलॅक्सची खुंटी असते. पॅरॅलॅक्स म्हणजे डोळा जरा हलला की क्रॉसहेअर निशाणावरून सरकल्यासारखा दिसणं. साध्या शिकारी स्कोपमध्ये पॅरॅलॅक्स कारखान्यातच १०० किंवा १५० यार्डांना बसवलेला असतो आणि हरणाच्या पल्ल्यात त्याचा विचार करावा लागत नाही. खुंटी आली की ती बंदुकीच्या पिशवीत घासून कुठेतरी फिरणार, आणि हरीण समोर असताना चित्र धुरकट.

जास्त पॉवरचा आणखी एक त्रास फारसा कुणी सांगत नाही. उभं राहून, कशाचाही आधार न घेता ९ वर नेम धरून बघा (रिकाम्या रायफलने, रेंजवर). क्रॉसहेअर हृदयाच्या ठोक्याबरोबर नाचताना दिसतो. हात ४ वर असतानाही तेवढेच हलत होते, पण तेव्हा ते डोळ्यात खुपत नव्हतं. नवा माणूस हे बघून घाबरतो, क्रॉसहेअर मध्यावरून जाताना पकडायला बघतो आणि चाप हिसकतो. गोळी हरणाच्या मागे.

आणि पल्ल्याचं म्हणाल तर .३०८ मधली १५० ग्रेन वजनाची गोळी १०० यार्डांवर दोन इंच वर लागेल अशी जुळवली, तर ती २०० यार्डांच्या आसपास नेमावर येते आणि ३०० वर आठ-नऊ इंच खाली जाते. हरणाचं हृदय-फुप्फुसांचं क्षेत्र साधारण आठ इंचांचं. म्हणजे २०० यार्डांपर्यंत सरळ खांद्यामागे नेम धरायचा, वर-खाली काही नाही. एवढ्या पल्ल्याला ४ पॉवर पुरते. ४ वर २०० यार्डांवरचं हरीण नुसत्या डोळ्यांना ५० यार्डांवर दिसावं तेवढं दिसतं. ५० यार्डांवरच्या हरणाचा खांदा दिसत नाही असं म्हणणाऱ्याने स्कोपच्या आधी चष्मा करून घ्यावा.

यावर लोक म्हणतात, पण शिंगं मोजायला पॉवर नको का? पेनसिल्व्हेनियाच्या बहुतेक भागात नराच्या शिंगाला एका बाजूला किमान तीन टोकं असल्याशिवाय तो मारता येत नाही. २००२ पासूनचा नियम आहे आणि चांगला आहे. पण टोकं मोजायची ती दुर्बिणीतून. हे मी हात जोडून सांगतो: स्कोप बघण्यासाठी नाही. स्कोपमधून बघणं म्हणजे त्या दिशेला भरलेली रायफल रोखणं. झाडीत हललं ते हरीण आहे की नारिंगी जाकीट झाडामागे लपलेला दुसरा शिकारी, हे तुम्ही रायफल रोखून ठरवणार? पेनसिल्व्हेनियात रायफल सीझनला डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी घालावं लागतं, पण ते जाड बुंध्याआड झाकलं जाऊ शकतं. ज्याच्याकडे १६ पॉवरचा स्कोप असतो तो दुर्बीण घरी विसरतो, हे मी वारंवार बघतो. ४-१६ आणि ३-९ च्या किमतीत जो फरक पडतो, त्यात ८×४२ ची बरी दुर्बीण येते. गळ्यात बांधा.

रिंग फिरवण्याबद्दलही थोडं. ती थंडीत, हातमोज्यातून, हरणासमोर फिरवायची नसते. व्हाइटटेल हालचाल फार चटकन टिपतं. तेव्हा वाढवायचीच असेल तर हरीण दूर असतानाच, आणि लगेच परत खाली. मचाणावर चढल्यावर काडतूस भरायच्या आधी रिंगला हात लावून आकडा बघायची सवय लावा.

स्कोप बसवताना जी चूक दर रायफलीत दिसते ती डोळ्याच्या अंतराची. व्हेरिएबलमध्ये पॉवर वाढवली की डोळा ठेवायची जागा अर्धा इंच किंवा थोडी जास्त पुढे सरकते. फिक्स्डमध्ये ती पक्की असते. म्हणून बसवताना रिंग सगळ्यात वर न्या, शिकारीचं जाड जाकीट अंगात घाला, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोळे उघडा. कडेला काळी चंद्रकोर न दिसता पूर्ण गोल दिसायला हवा. दिसत नसेल तर स्कोप पुढे-मागे करा, मान नाही. टी-शर्टमध्ये बसवलेला स्कोप जाकिटात लांब पडतो. आणि भुवईच्या फार जवळ बसवला तर .३०८ चा धक्का कपाळावर अर्धा चंद्र कोरून जातो, विशेषतः चढावर वरच्या दिशेने बार काढताना. रिंगांचे स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यालाच आवळा. रिंगांना बहुधा १५ ते २० इंच-पाउंड. मनगटाच्या जोरावर आवळलेल्या स्कोपच्या नळीला चिमटा बसतो आणि मग आतली यंत्रणा अडकते, व्हेरिएबलची तर आधी.

तुम्ही न्यू जर्सीचे, म्हणून एक वेगळी गोष्ट. तुमच्या राज्यात हरणावर सेंटरफायर रायफल, म्हणजे तुमच्या .३०८ सारखी, चालतच नाही, शॉटगन, मझललोडर (तोंडाकडून भरायची बंदूक) किंवा धनुष्य. पुढे तिथे स्लगची, म्हणजे छर्‍यांऐवजी एकच जाड गोळी झाडणारी, शॉटगन घेतलीत तर तिच्यावर फिक्स्ड २ किंवा अडीच पॉवर, नाहीतर १-४ चा छोटा व्हेरिएबल लावा आणि डोळ्याचं अंतर भरपूर आहे ना ते बघा, स्लगचा धक्का जबर असतो. उलट वायोमिंगला प्राँगहॉर्नसाठी (मोकळ्या माळावरचा हरणासारखा प्राणी) जायचा योग आला, जिथे ३०० यार्ड म्हणजे रोजचा पल्ला आणि आडोसा नावाला नाही, तर तुमचा हाच ३-९ नऊवर नेऊन, पोटावर झोपून, पिशवीचा आधार घेऊन काम भागवेल. एका रायफलने दोन्हीकडे जायचं असेल तर व्हेरिएबलला तोड नाही. दुकानदाराच्या 'कुठेही चालेल' मध्ये तेवढं तथ्य आहे. त्यासाठी १६ मात्र लागत नाही.

तुम्ही ग्रीन कार्डवर आहात असं लिहिलंय, म्हणून बंदूक बाळगण्याचा प्रश्न फेडरल कायद्याने सुटतो. वाचणाऱ्यांत एच-१बी वर असलेले असतील, त्यांनी लक्षात ठेवावं: तात्पुरत्या व्हिसावर बंदूक जवळ ठेवायला फेडरल कायद्याची सर्वसाधारण मनाई आहे, आणि राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. परवाना हातात येण्याआधी मित्राची रायफल रेंजवर 'सहज' उचलू नका, वकिलाला विचारा. राज्याचे नियम वेगळे असतात ते वेगळे.

खरेदीचं म्हणाल तर दोन-तीनशे डॉलरच्या पट्ट्यात ल्युपोल्ड, व्होर्टेक्स, बरिस यांचे साधे ३-९×४० मिळतात आणि तिघेही हरणाला पुरून उरतात. निकॉनचे जुने प्रोस्टाफ दुसऱ्या हाताने स्वस्तात दिसतील. काच चांगली आहे, पण निकॉन रायफल स्कोपच्या धंद्यातून बाहेर पडलीय हे ध्यानात धरून घ्या. शंभर डॉलरच्या आतच बसवायचं असेल तर उलटा सल्ला देईन: त्या पैशात व्हेरिएबल घेऊच नका. नव्या फिक्स्डची आता फारशी निवड उरलेली नाही, पण फिरते भाग कमी म्हणून तेवढ्याच पैशात फिक्स्ड जास्त काळ नीट चालतो.

आणि मित्राच्या वडिलांच्या माळ्यावर एल पासोचा जुना के-४ पडून असेल आणि ते देत असतील, तर नाही म्हणू नका. खिडकीत उभं राहून आभाळाकडे धरा. आत पांढुरका थर, बुरशीचे धागे किंवा सुटलेल्या रंगाचे कण दिसतात का बघा. मग तासभर फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढा: बाहेरच्या भिंगावर बाष्प धरलं तर काही नाही, आतल्या बाजूला धरलं तर नायट्रोजन केव्हाच गेलाय. मग बसवून रेंजवर न्या, नेम जुळवा, नेम वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे सरकवणाऱ्या दोन्ही खुंट्या चार-चार क्लिक पुढे-मागे करून गोळी तेवढीच सरकते का ते बघा. जुन्या स्कोपमध्ये कधीकधी क्लिक फिरतो आणि गोळी दोन बारांनंतर जागची हलते, तेव्हा स्क्रू फिरवल्यावर खुंटीवर बोटाने हलकेच टिचकी मारा. एवढ्यातून तो पार पडला तर ३-९ चे पैसे वाचवा आणि दुर्बीण जरा वरच्या दर्जाची घ्या. सीझन आता थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो, २०१८ पर्यंत सोमवार असायचा, तेव्हा रेंजवर त्या आठवड्यात रांग लागते. ऑक्टोबरातच जाऊन या.